साडेचार की सव्वातीन

माझं पोट दातांवर चालतं आणि मी दातांचा डॉक्टर नाही. वाळूजच्या एका कारखान्यात तयार झालेले गिअर तपासणं हे माझं काम. एखाद्या गिअरचा एखादा दात केसभर जरी वाकडा असला तरी मी तो परत पाठवतो. त्याबद्दल कारखान्यात मला मान आहे, घरात नाही. माझी बायको निशा म्हणते, दुसऱ्याचे दात तपासत बसलेल्या माणसाला स्वतःची अक्कलदाढ आली की नाही हे कळत नसतं.

चाळिशी ओलांडली की माणसं साखर तपासून घेतात, पहाटे फिरायला लागतात. मी, बुद्धभूषण धोंडिबा खिल्लारे, जुनी कॉन्टेसा विकत घेतली. छावणीत एका निवृत्त अधिकाऱ्याच्या अंगणात ती लिंबाच्या झाडाखाली उभी होती आणि तिच्या टपावर कोंबड्या बसायच्या. मला मात्र कोंबड्या दिसल्याच नाहीत. मला ते लांबलचक बॉनेट दिसलं, आणि आपण ते बॉनेट घेऊन गारखेड्याच्या आमच्या गल्लीत वळतोय असं दिसलं. प्रत्यक्षात ती गाडी आमच्या गल्लीत एका दमात वळतच नाही, दोनदा मागे घ्यावी लागते. पण स्वप्नात माणूस मागे कशाला घेईल?

छावणीतच खाजाभाईंचं गॅरेज आहे. खाजाभाई माझ्याच वयाचे आणि वेगाच्या बाबतीत माझ्याइतकेच खुळे. आम्ही दोघांनी मिळून त्या गाडीचं इंजिन उतरवलं, हेड घासलं, कॅम बदलली, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले. हे सगळं उरकल्यावर गाडी उभ्या उभ्याच अशी थरथरायची की डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा सरकत सरकत खाली पडायचा. खाजाभाई म्हणायचे, "ये गाडी नई भाय, ये तो घोडा है." मला ते पटायचं. शर्यतीच्या घोड्याला टांग्याला जुंपलं तर काय होतं, हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही.

शेवटी प्रश्न उरला मागच्या ॲक्सलचा. या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे जाते. दोन चाकांच्या मध्ये एक लोखंडी गोळा असतो, त्यात दोन गिअर: लहान तो पिनियन, मोठा तो क्राउन. दोघांच्या दातांचं प्रमाण काय, यावर गाडीचा सगळा स्वभाव ठरतो. आमच्याकडे दोन जोड्या होत्या. साडेचारच्या जोडीत इंजिनाकडून येणारा दांडा साडेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरायचं, आणि सव्वातीनच्या जोडीत सव्वातीन वेळातच. गिअरच्या सायकलवर मागची मोठी चकती टाकली की चढ झपकन चढतो पण सपाटीवर नुसते पाय फिरतात, तसं साडेचारचं. सव्वातीन म्हणजे लहान चकती: निघायला जड, पण एकदा निघाली की निवांत लांब पल्ला.

सरळ सांगायचं तर साडेचारनं सिग्नलवरून उडी मिळते आणि सव्वातीननं हायवे मिळतो. दोन्ही एकदम मिळत नाही. पण मी गिअर तपासणारा माणूस. मी एक्सेल उघडलं आणि ताशी चाळीसपासून एकशे ऐंशीपर्यंत प्रत्येक वेगाला इंजिन किती फिरेल याचा तक्ता केला. त्याला रंग दिले. तो कारखान्यातल्या मित्रांना पाठवला. कोणी उत्तर दिलं नाही तेव्हा मी समजलो की तक्ता त्यांच्या डोक्यावरून गेला.

घरात मी त्या तक्त्यावर व्याख्यान दिलं. निशा भाजी निवडत होती आणि माझ्याकडे बघून मान डोलावत होती. ती मान पालकासाठी होती, हे मला नंतर कळलं. आई, म्हणजे मुक्ताबाई, खाटेवर गुडघ्याला तेल चोळत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"लई पळती म्हणतोस. हळू किती चालती रे?"

मला हसू आलं. "हळू जायला गाडी कशाला लागते, आई? हळू जायचं तर पायी जावं."

"व्हय," आई म्हणाली. "पायी जाता यायचं तवर गेलेच की." आणि ती परत गुडघा चोळायला लागली.

हा प्रश्न आईनं का विचारला, ते मला कळायला हवं होतं. जगात मला एकट्यालाच कळायला हवं होतं. माझे वडील ट्रक चालवायचे, आणि दर चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या मंडळाचा सजवलेला ट्रक त्यांच्याच हातात असायचा. आमच्या वस्तीत ड्रायव्हरची परीक्षा किती पळवतो यावर कधी झालीच नाही. पुढं बाया चालतायत, लेकरं चालतायत, म्हातारी माणसं चालतायत; त्यांच्या पावलाला पाऊल लावून ट्रक चालवायचा, धक्का न देता, क्लच न जाळता, भडकल गेटच्या पुतळ्यापर्यंत. "धोंडिबाच्या ट्रकावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवा, हिंदळायचा नाय," असं लोक म्हणायचे. पुढं बाबा गेले, मंडळानं दुसरा ड्रायव्हर धरला. मी गिअरवाला झालो आणि हळू चालवणं ही कला असते हे विसरून गेलो.

आधी आम्ही साडेचारची जोडी बसवली. सिग्नलवरून सगळ्यांच्या पुढं निघायचं, हे माझं ठरलं होतं, आणि त्यासाठी मी क्रांती चौक निवडला, कारण तिथं बघणारे जास्त. सिग्नल हिरवा झाला. मी ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं जागच्या जागी किंचाळली, रबराचा वास आला, पानटपरीवरची माणसं वळून बघायला लागली, आणि मी सुटलो. मग माझ्या डाव्या बाजूनं आवाज न करता एक बॅटरीवरची स्कूटर पुढं गेली. चालवणाऱ्याच्या पाठीवर जेवणाची चौकोनी पेटी होती. तो माझ्याशी शर्यत लावत नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुणाची तरी बिर्याणी गार होत होती, एवढीच त्याला घाई होती.

बाजूला बसलेले खाजाभाई ती स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "भूषणभाय, इसकू तो आवाजच नई था."

त्या बिर्याणीनं मला आतून पोखरलं. मी पुन्हा तक्ता उघडला आणि विज्ञानाच्या आधारे अशा निष्कर्षाला आलो की चूक माझी नसून शहराची आहे. सिग्नलवर काय कुणीही पुढं जातं. खरी गाडी हायवेवर कळते, आणि समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला बंदीच आहे. म्हणजे तिथं मला स्कूटर ओलांडून जाऊच शकणार नाही. एवढ्या भक्कम तर्कावर मी साडेचारची जोडी काढायला लावली आणि सव्वातीनची बसवून घेतली. खाजाभाई म्हणाले, "हौ, अब देखो." त्यांनाही तो अपमान लागला होता.

समृद्धीवर गाडी छान गेली, खोटं कशाला बोलू. ताशी एकशे वीसला इंजिन गुणगुणत होतं. पण कायद्यानं तिथं तेवढीच मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत, त्यामुळे मी त्या आकड्याच्या वर गेलो नाही. माझ्या मागं आमच्या शेजाऱ्यांची साधी छोटी गाडी, आत पाच माणसं आणि टपावर गादी बांधलेली, तीही त्याच वेगानं येत होती. शेजाऱ्यांनी हात हलवला. मीही हलवला.

एप्रिल लागला तसा आईचा गुडघा आणखी सुजला. डॉक्टरांनी चालायला साफ मनाई केली. आईनं या घरात नांदायला आल्यापासून एकही मिरवणूक चुकवलेली नाही. बाबा गेले त्या वर्षीही ती पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत झेंडा धरून चालली होती, आणि वस्तीतल्या बायांनी दोन्ही बाजूंनी तिचे दंड धरले होते. या वर्षी मंडळानं तिला ट्रकवर बसायला सांगितलं, पण तो गुडघा घेऊन ट्रकवर चढणार कशी? निशा म्हणाली, रिक्षा करू.

"रिक्षात बसून जायला मी काय दवाखान्यात चालले?" आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भूषणची गाडी हाय की. ठेंगणी हाय, चढायला सोपी."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. इतके महिने ज्या गाडीवरून मी घरात टोमणे खाल्ले, ती शेवटी आईच्या कामाला येणार होती. मंडळाचा अध्यक्ष अभय म्हणाला, "दादा, गाड्यांत सगळ्यात पुढं तुमचीच घेऊ. ट्रकाच्या बी पुढं. तुमच्या बाबांच्या मानाची जागा हाय ती." मी गाडी धुतली, पॉलिश केली, बॉनेटवर पंचशील ध्वज लावला. खाजाभाईंनी टायरला काळा रंग मारून दिला. सव्वातीनच्या जोडीचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. पण मी म्हटलं, क्लच आहे की. ज्या माणसानं एकशे ऐंशीपर्यंतचा हिशेब केलाय, त्याला चार पावलं हळू चालवता येणार नाही?

चौदा तारखेला दुपार कलल्यावर आम्ही निघालो. मागच्या सीटवर खिडकीशी आई, मध्ये चतुराबाई, पलीकडे सरूबाई; तिघीही पांढऱ्या साड्यांत, तिघींच्या मांडीवर निळे झेंडे. चतुराबाई आणि सरूबाई आईच्या जुन्या मैत्रिणी, गुडघ्यांच्या बाबतीतही तिच्याच वर्गातल्या. निशा बाहेर, पुढच्या रांगेतल्या बायांबरोबर चालत होती.

पहिल्याच वळणावर मला कळून चुकलं. पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरला पाय न लावताही गाडी धावणाऱ्या माणसाच्या वेगानं निघायची, आणि पुढच्या बाया मुंगीच्या पावलानं चालत होत्या. क्लच दाबला की थांबायची, सोडला की उसळायची. त्यात आमच्या त्या घोड्याला हळू फिरणं माहीतच नव्हतं. जरा दम कमी झाला की गचके द्यायचा. मागं तिन्ही म्हाताऱ्या एकाच वेळी पुढं झुकायच्या आणि एकाच वेळी मागं आदळायच्या.

"काय रे, ही वांत्या करती का काय?" सरूबाई म्हणाली.

मी अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायला लागलो. डावा पाय थरथरायला लागला. साडेचारची जोडी असती तर क्लच दाबावा लागलाच असता, पण निभावून गेलं असतं. ती जोडी छावणीत खाजाभाईंच्या फळीवर, तेल लावून, कागदात गुंडाळून आरामात पडली होती. मिरवणूक थांबायची, नाचायची, पुन्हा सरकायची. लोक बाजूनं गाडीकडे बघून अंगठा वर करत होते आणि मी घामानं निथळत हसत होतो.

"कुणाचं तरी पोळकं करपलंय," चतुराबाई नाक वर करून म्हणाली.

पोळकं नव्हतं, माझा क्लच होता. क्रांती चौक ओलांडून थोडं पुढं गेलो आणि तो संपला. इंजिन जोरात ओरडत होतं, दोन्ही कार्बोरेटर श्वास घेत होते, आणि गाडी जागची हलत नव्हती. जिथं बिर्याणीवाल्यानं मला मागं टाकलं तिथूनच हाकेच्या अंतरावर, सगळ्या शहरासमोर, मी सगळ्यात पुढं उभा होतो, आणि माझ्यामुळे मागचं सगळं अडलं होतं. आमचा ट्रक, त्याच्या मागचं मंडळ, त्याच्याही मागची मंडळं.

अभय शिट्टी वाजवत पळत आला. "भूषणदादा, बाजूला घ्या गाडी. मागं लाईन थांबलीय सगळी."

बाजूला घ्यायची म्हणजे मिरवणुकीतून बाहेर काढायची. मी आरशात बघितलं. आईनं मांडीवरचा झेंडा उचलला आणि काठीभोवती हळूहळू गुंडाळायला घेतला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "हितून बी दिसतंय की."

मला त्या क्षणी स्वतःची अशी लाज वाटली की ती अजून गेलेली नाही. त्या बाईनं मला फक्त एक प्रश्न विचारला होता, आणि मी हसलो होतो. माझ्या तक्त्यात चाळीसच्या खालचा एकही आकडा नव्हता. आई ज्या वेगानं आयुष्यभर चालत आली, तो वेग मी मोजायलाच घेतला नव्हता.

मी गाडी न्यूट्रलला टाकली, खाली उतरलो, मागं जाऊन डिकीला खांदा लावला आणि ढकलायला लागलो. कॉन्टेसाचं वजन मला इंजिनाच्या हिशेबात पाठ होतं, पाठीच्या हिशेबात नव्हतं. ती तसूभर हलली नाही. तेवढ्यात निशा गर्दीतून आली. माझ्याकडे बघितलं आणि सरळ स्टेअरिंगवर जाऊन बसली. या गाडीच्या स्टेअरिंगला मी तिला आजवर हात लावू दिला नव्हता. खिडकीतून तोंड बाहेर काढून ती म्हणाली, "ढकला आता, मालक."

मग पुढच्या रांगेतल्या दोघी मागं आल्या. त्यांनी पदर खोचले. "सरका ओ भाऊ, असं नसतं ढकलायचं," म्हणत एकीनं मला कोपऱ्यात ढकललं. आणखी हात आले. अभयनं शिट्टी खिशात घातली आणि तोही लागला. गाडी निघाली.

आणि अशी निघाली की काय सांगावं. गचका नाही, धूर नाही, ओरडा नाही. पुढच्या बायांचं पाऊल पडेल तसं चाक पडत होतं. त्या थांबल्या की आम्ही थांबायचो, त्या निघाल्या की निघायचो. मागचा ट्रकही लयीत आला. डिकीला टेकवलेल्या माझ्या डोक्यातून सगळे आकडे गळून गेले आणि ढकलता ढकलताच माझा निर्णय झाला. उद्या छावणीत जाऊन साडेचारची जोडी बसवून घ्यायची. हायवेवर ती ऐंशीलाच बोंबलेल. बोंबलू दे.

मान वर केली तेव्हा मागच्या काचेतून आईचं डोकं दिसलं. तिनं झेंडा पुन्हा उलगडला होता आणि खिडकीबाहेर धरला होता. हात सरळ, पहिल्या रांगेत धरायची तसाच.

भडकल गेटपर्यंत ढकलणारे बदलत गेले, मी नाही बदललो. त्यात थोरपण काही नाही. माझा हात डिकीवरून निघाला असता तर मी तिथंच बसलो असतो. पुतळ्यासमोर गाडी थांबली. मी दार उघडून आईचा हात धरला. ती सावकाश उतरली, पुतळ्याकडे वळून हात जोडले, बराच वेळ उभी राहिली. मग माझ्या खांद्याचा आधार घेत तिनं माझ्याकडे पाहिलं. शर्ट घामानं चिकटलेला, हाताला काळं, कपाळावर पॉलिश.

"भूषण," ती म्हणाली, "आज तू तुझ्या बाबापरीस हळू चालवलीस."

मी बाहीनं डोळे पुसले आणि निशाला सांगितलं की घाम गेला डोळ्यांत. जयंतीचा दिवस होता म्हणून असेल, तिनं ते ऐकून घेतलं.